मागची दोन्ही चाकं

२ जून. सकाळी.
निश्चय झाला. जीपला डिफरेन्शियल लॉकर बसवायचा. यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी. गाडीदुरुस्तीचं पुस्तक आणलं आहे, उद्यापासून रोज त्याची दहा पानं वाचणार.

कारण लिहून ठेवते, म्हणजे मन ढळणार नाही. गेल्या श्रावणात हिवरखेडच्या वावरात यांच्या छातीत कळ आली. मी जीप काढली. वावरातून रस्त्याला लागणाऱ्या पांदणीतल्या चिखलात ती फसली. मागचं डावं चाक गरगर फिरत राहिलं, उजवं ढिम्म. फोन केल्यावर शेषरावभाऊजी गावातून माणसं घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. अकोटचे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

तेव्हापासून भाऊजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत सांगतात की वहिनीनं गाडी फसवली. मी नाही फसवली. डिफरेन्शियलनं फसवली. आता हे सिद्ध करायचं.

३ जून.
पाहुणे आले. वाचन नाही.

६ जून. दुपारी.
समजलं! दहावी नापास बाईला चार दिवसांत समजलं, इंजिनिअरांना चार वर्षं लागतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं. त्याची खोड अशी की जे चाक चिखलात नुसतं फिरतं, सगळी ताकद त्यालाच जाते. जे जमीन धरून उभं असतं, त्याच्या वाट्याला काही नाही. आमच्या सासरी चाळीस वर्षं हेच चाललं आहे. पुस्तकाची गरजच नव्हती.

वाचताना यांचा चष्मा लावते. नंबर जुळत नाही, पण सवय झाली आहे.

११ जून.
निवड केली. दोन प्रकार आहेत. एक लिमिटेड स्लिप. त्यात चकत्या असतात, एक चाक जास्त फिरायला लागलं की त्या थोडी ताकद दुसऱ्याकडे वळवतात. समजूतदार माणसासारखं. दुसरा लॉकर. बटण दाबलं की दोन्ही चाकं जखडली, फिरतील तर दोन्ही मिळून. मला आता समजूतदारपणा नको. लॉकर.

इथे अमरावतीत राजापेठेमागे श्याम मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याचं म्हणणं पडलं की काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून जातात, मग लॉकर काय करणार, आधी टायर बदला, नाहीतर सरळ एक दोर घेऊन ठेवा. त्याला सांगितलं की तू पुस्तक वाचलेलं नाहीस. तो म्हणाला, बरोबर आहे काकू.

१९ जून.
आकांक्षाचा फोन, धामणगावहून. आई, जीप विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. बाबा गेले ते गेले, आता कशाला उकरतेस. मी तिला ॲक्सलचे दाते समजावून सांगितले, नीट, सावकाश. मध्येच फोन कट झाला. धामणगावला नेटवर्क खराबच असतं.

नंतर तिनं लावला नाही. कामात असेल.

२८ जून.
लॉकर आला. बसत नाही. पुस्तकात ॲक्सलला एकोणीस दाते लिहिले होते, मी एकोणीस दात्यांचा मागवला. आमच्या जीपला दहा निघाले. पुस्तक नव्या मॉडेलचं होतं. म्हणजे चूक पुस्तकाची. श्याम मिस्त्रीनं विचारलं, मागवायच्या आधी मोजायला का नाही आणली गाडी? त्या दिवशी पाऊस होता.

तो परत पाठवला. दुसरा मागवला.

१७ जुलै. संध्याकाळी.
बसवला. मागचा ॲक्सल खोलला, क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांमधली फट जुळवली, लॉकरला हवा देणारा कॉम्प्रेसर सीटखाली, बटण स्टिअरिंगच्या बाजूला. सगळं माझ्या देखरेखीखाली झालं. मी शेजारी उभी राहून एकेक पायरी वाचून दाखवत होते. तासाभरानं श्याम मिस्त्रीनं मला रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली खुर्ची टाकून दिली. आजकाल वयाचा इतका मान कोण ठेवतं?

२१ जुलै.
चाचणी यशस्वी.

राजापेठेच्या वळणावर जीप वळेना. टायर किंचाळले, गाडी सरळ गेली आणि चपलांच्या दुकानाच्या पायरीला टेकली. समोरचा शिकवणीचा क्लास सुटलेला होता. पोरांनी स्कूटर थांबवून टाळ्या वाजवल्या. लॉकरचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. पण याचा अर्थ दोन्ही चाकं पक्की जखडतात. दुकानदार जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, घरी पुरुष माणूस नाही का कोणी. मी नाही म्हणाले, तर पडलेल्या चपला आवरायला लागला.

४ ऑगस्ट.
सगळ्यांना कळवून झालं. ११ तारखेला श्राद्ध वावरात. यांच्या समाधीचा ओटा तिथेच बांधला आहे. जेवणं झाली की सर्वांनी पांदणीच्या तोंडाशी उभं राहायचं. मी त्याच जागेतून जीप काढून दाखवणार. भाऊजींना खास सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, येतो वहिनी, मोबाइल चार्ज करून येतो.

शेजारच्या वावरातली चतुराबाईही बघेल. बघू दे. आमच्या धुऱ्यातली, म्हणजे बांधालगतची, नांगराची दोन तासं तिनं नांगरून स्वतःकडे ओढली, तहसीलला केस चालू आहे, नऊ वर्षं तिच्याशी शब्द नाही.

९ ऑगस्ट.
तीन दिवस पाऊस. चिखल तयार होतो आहे. सगळं माझ्या बाजूनं आहे.

११ ऑगस्ट. सकाळी, हिवरखेड.
झोप चांगली झाली. म्हणजे पहाटे दोनपर्यंत नाही, पण नंतर झाली. जीपमध्ये बसून बटण तीन वेळा दाबून पाहिलं. बाजूच्या सीटवर यांचा सदरा ठेवला आहे. वजन तेवढंच हवं म्हणून. सदऱ्याला किती वजन असणार, पण असू दे.

११ ऑगस्ट. संध्याकाळी.
नंतर लिहीन.

११ ऑगस्ट. जरा वेळानं.
लिहून टाकते.

बटण दाबलं. दिवा लागला. लॉकरनं आपलं काम केलं, यात शंका नाही. मागची दोन्ही चाकं मिळून फिरली. मिळून चिखलानं माखली, गुळगुळीत झाली आणि मिळून खाली गेली. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. ॲक्सलचं पोट मातीवर टेकलं. गेल्या वर्षी एक चाक एक वीत रुतलं होतं. यंदा दोन्ही हातभर.

भाऊजी मोबाइल समोर धरूनच म्हणाले, "वहिनी, आता दोनी चाकं फसले." पोराबाळांसकट सगळे हसले. ओट्यासमोर. आकांक्षा तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली होती. ते हसण्याहून वाईट.

मग भाऊजींनी चतुराबाईच्या वावराकडे तोंड करून हाक मारली. एकच. ट्रॅक्टर आना म्हणून. तिचा नवरा ट्रॅक्टर घेऊन आला, ती मडगार्डवर बसून. दहा मिनिटं पण लागली नाहीत. साखळी बांधली, ओढलं, झालं.

मी उतरून सदरा झटकत होते. ती जवळ आली. नऊ वर्षांनी बोलली.

"त्या दिवशी बी आमी ट्रॅक्टर चालू करून ठेवला होता, मायाबाई. तुमी हाक मारान म्हून. केस चालू असतानी तुमच्या वावरात बिनबोलावता पाय कसा टाकनार? अर्धा घंटा चालू होता. मंग मालकानं बंद केला."

रागानं नाही बोलली. बाजारात भाव सांगावा तसं. सगळे ऐकत होते. भाऊजींनी मोबाइल खिशात ठेवला.

१२ ऑगस्ट. अमरावती.
चतुराबाई खोटं बोलते. केसमध्ये सहानुभूती मिळवायचा डाव आहे. चालू ठेवला होता तर स्वतःहून का आली नाही? माणूस मरत असताना कोणी बोलावण्याची वाट पाहतं का? आणि जीपचं इंजिन इतकं ओरडत होतं, त्यात पलीकडचा ट्रॅक्टर ऐकू येणं शक्यच नाही. पुढच्या वर्षी टायर बदलून पुन्हा प्रयत्न करणार. श्याम मिस्त्रीशी बोलायला पाहिजे.

१३ ऑगस्ट.
काही नाही.

१५ ऑगस्ट.
श्याम मिस्त्रीचा फोन आला. लॉकर कसा चालतो, विचारत होता. छान चालतो म्हणाले. त्याला बरं वाटलं.

ट्रॅक्टरचा आवाज मला आला होता. गाडी बंद पडली होती आणि मी पुन्हा चावी फिरवत होते, त्या मधल्या वेळात. मला वाटलं, आम्हाला खिजवायला चालू ठेवला आहे.

यांनाही आला होता. डोळे मिटलेले होते, तरी म्हणाले, "मार ना वं तिले हाक."

मी म्हणाले, थांबा, आत्ता निघते.