झेंडूचं माहेर

इंदूर,
२० नोव्हेंबर १९९३

चि. सौ. अमितास आईचे अनेक आशीर्वाद.

तू देवासला नीट पोहोचलीस, हे जावईबापूंच्या कार्डावरून कळलं. इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. शेजारच्या गंगूबाई तुझ्यासाठी डिंक कुटून देऊन गेल्या. मी थकते हल्ली, पण त्याचं काही नाही.

बाबांनी मागच्या खोलीला चुना दिला. बाळंतिणीची खोली म्हणतात. तिथल्या फुलांच्या टोपल्या पुढे आणल्या, त्यामुळे आता स्वयंपाकघरापर्यंत झेंडूच झेंडू. मिलमध्ये तुटका धागा जोडायची जी गाठ होती, तीच ते माळेला मारतात. राजवाड्याजवळ त्यांच्या माळा सगळ्यांच्या आधी संपतात. मिल बंद झाल्यावर वर्षभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस आता गुणगुणतो गं.

दिवाळीत तुझा श्वास अडकला, तो फटाक्यांच्या धुराने, असं मीच त्यांना सांगितलं. पलासियाच्या डॉक्टरांनी झेंडूचं सांगितलं, ते आपल्या दोघींतच राहिलं. "गेंदे के पराग से है. घर में ये फूल मत रखना."

बाबा मात्र येत्या एकादशीला फटाके नकोत म्हणून काल गल्लीभर फिरून आले. "ग्यारस पर एक भी पटाखा नहीं फूटेगा भिया, हमारी बिटिया आ रही है," असं दारोदार सांगत. घरी येऊन मला म्हणाले, "आता बेफिकर बोलाव पोरीला." आणि पाळण्याला लावायच्या माळेचा नमुना ओवायला बसले. त्यासाठी सकाळीच चांगली टपोरी फुलं बाजूला काढून ठेवली होती.

खरं सांगितलं तर ते उद्याच टोपल्या बाहेर काढतील, एका शब्दाने कुरकुरणार नाहीत. आणि मग पुन्हा ती भिंत. इकडे आड, तिकडे विहीर. ते सगळं परत बघायची माझ्यात ताकद नाही, अमू.

म्हणून मन घट्ट करून लिहिते. बाळंतपणाला इकडे येऊ नकोस. सासूबाई पाठवत नाहीत, असं बाबांना कळव. त्या माउलीला फुकटचा वाईटपणा येईल, मी तिच्या पाया पडेन. पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाही म्हणून लोक आम्हाला नावं ठेवतील. ठेवू देत.

मीच येईन तिकडे. पण मला बघून दारात धावत येऊ नकोस. मोरीत पाणी काढून ठेव आणि तुझी एखादी जुनी साडी. न्हाऊन, ती नेसून मगच तुला जवळ घेईन.

तोवर लांबूनच,
तुझी आई