हूं म्हणला तो

रविवार, १६ मार्च १९५२

हुलसूरचा बसलिंगप्पा येऊन गेला. मिरचीचा व्यापारी. बायको वारली, लेकी सासरी. सिद्धप्पानं आणला त्याला — माझ्या भावाचा, अण्णाचा दोस्त, असली कामं जुळवत फिरतो.

मला दाराआड बसवलं. भट्टीवर दिवसभर चुरमुरे भाजते, अख्खं मैलूर माझं तोंड बघतं. आज दाराआड! वहिनी म्हणली, रीत हाय. बरं.

पहिलं लगीन म्हंजे लगीन. विधवेचं दुसरं म्हंजे उडकी. वाजंत्री न्हाई, फूल न्हाई, अंधाऱ्या पंधरवड्यात गुपचूप उरकायची. आन उडकी झाली की एक दिवस दोघांनी कुठल्याच सवाष्णीला तोंड दाखवायचं न्हाई. अपशकुन होतो म्हणं तिला. सिद्धप्पा म्हणला, "हुलसुरात यांच्या शेतात खोप हाय. तिथं दिवस काढतील."

तवा बसलिंगप्पा पहिल्यांदा बोलला. "खोपीत काय हाय? मी मिरचीपायी विकाराबादला जातो. आगगाडीत कोण कुणाचं तोंड बघतंय? उन्हाळ्यात त्या गाडीतनं बघावं..." आन बशी तोंडाला लावली. बघावं, पण काय बघावं? मला असं अर्धं बोलणारं माणूस सोसत न्हाई. दाराआडनंच इचारलं, "काय दिसतं? आन मला नेता का त्या गाडीनं?"

तो म्हणला, "हूं."

एवढंच. चहा पिऊन गेला.

सोमवार, १७ मार्च

नेणार हाय. मी जन्मात आगगाडीत बसले न्हाई.

चुरमुरे जळाले आज. वहिनीनं मोजून दोनदा ऐकवलं.

शुक्रवार, २८ मार्च

उगादी झाली. त्याच्याकडनं काही न्हाई. उडकी वैशाख वद्यात, असं अण्णा म्हणतो.

आज शेजारच्या जानकीबाईंची वृंदा आली. मागच्या साली लगीन झालं, नवरा हैदराबादला कचेरीत. कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. हसली. म्हणली, "ईरम्मामावशी, हा तर तुमचा मधुचंद्रच की."

"ते काय असतं?"

"लग्न झालं की दोघंच फिरायला जातात. आम्ही डोंगरावर गेलो होतो, थंडीच्या जागी."

मी म्हणलं, "वैशाख वद्यात चंद्र कुठला आलाय, बाई. आन मध खाऊन गाडीत उलटी झाली तर?" पोरगी पदरात तोंड घालून हसली. वहिनी आली तशी मी सूप हातात घेतलं.

तिला म्हणलं न्हाई, पण शब्द आवडला मला.

रविवार, ६ एप्रिल

भाजी आणायला म्हणून निघाले ती स्टेशनावर गेले. गाडी आली. केवढी मोठी!  हात लावून बघितलं डब्याला. तापलेला, आमच्या भट्टीवानी.

तिथं पाणी देणारी म्हातारी हाय. तिला इचारलं, विकाराबादकडं उन्हाळ्यात गाडीतनं काय दिसतं, आन कुठल्या अंगाला? ती म्हणली, "फुलं, दोन्हीकडं. पळस संपला आता. पुढं बहावा येतो, पिवळा. जंगल लागतं ना तिकडं." मग माझ्याकडं बघून म्हणली, "कोणासंगं जायलीस?"

काय सांगणार? माणसासंगं, म्हणलं.

ठरवलंय असं. कडक भाकरी आन शेंगाची चटणी घ्यायची, चार दिवस टिकती. पाण्याचा तांब्या झाकणाचा. हिरवं इरकल न्यायचं, पेटीत तळाला हाय, एक कोपरा कसरीनं खाल्लाय पण निऱ्यात जाईल. खिडकीशी मी बसणार. तो तर नेहमीच जातो, त्यानं बघितलंय. अण्णा म्हणतो पुरुषानं खिडकीशी बसावं, कोळसा उडतो. उडू दे. मी भट्टीवाली हाय.

बोलायचं काय त्याच्याशी दिवसभर? ते ठरवलं न्हाई. नवरा गेल्यापासनं बावीस साल मी ह्या भावाच्या घरात 'मीठ कुठंय' आन 'दार लाव' ह्याच्यापल्याड बोलले न्हाई कुणाशी.

रविवार, २७ एप्रिल

बसवजयंती. पालखी आमच्या बोळातनं गेली. मी विभूती लावून दारात उभी. विभूतीला कुणाची ना न्हाई. कुंकवाला हाय, फुलाला हाय.

जानकीबाईंनी बायकांना मोगऱ्याचे गजरे वाटले. वहिनीला, धोंडप्पाच्या सुनेला, सगळ्यांना. ताट माझ्याजवळ आलं आन हात थबकला. मग मला केळं दिलं. दरसाली केळं देतात. चांगली बाई हाय, वाईट वाटतं तिला, म्हणून मोठं केळं देते.

गाईला घातलं.

वहिनी म्हणली, "आता थोडेच दिवस, वन्सं. मग तुम्ही बी माळा की." मी म्हणलं, "उडकीत फूल असतं का?" ती म्हणली, "उडकीत न्हाई. मागनं." मागनं म्हंजे कधी ते तिला बी ठावं न्हाई.

जंगलात बहावा कुणाला इचारून फुलत न्हाई. तिथं केळं देणारं कोण हाय?

बुधवार, ३० एप्रिल

हुलसूरहून काही न्हाई.

शुक्रवार, २ मे

सिद्धप्पा आला. दिवस धरला. वैशाख वद्य एकादशी सोडून पुढचा. आन म्हणला, "खोप शाकारून घेतलीय. पाण्याचा माठ बी ठेवलाय."

मी आतनं सरळ बाहेर आले. वहिनीनं पदर ओढला, सोडवून घेतला. म्हणलं, "खोप कामून? गाडीनं नेतो म्हणलाय ना तो?"

सिद्धप्पानं इचारलं, "कवा म्हणला?"

"तुमच्या समोर. मी इचारलं नेता का, तो म्हणला हूं."

सिद्धप्पा डोकं खाजवायला लागला. म्हणला, "अक्का, त्या दिवशी परत जाताना त्यानं मला बसमधीच इचारलं होतं, त्या बाईला फुलं लई आवडतात काय? मी म्हणलं कामून. तो म्हणला, गाडीतनं काय दिसतं असं इचारलं तिनं, मी सांगितलं हू."

हू. कानडीत फूल. आन हूं म्हंजे व्हय.

दोन गोष्टी इचारल्या मी एका दमात. त्यानं पहिलीचं उत्तर दिलं. दुसरी त्याच्या कानात गेलीच न्हाई.

अण्णा हसला. वहिनी बी हसली. सिद्धप्पा न्हाई हसला, ते बरं केलं. म्हणला, "त्याला सांगू का मी?" मी म्हणलं, मागून घेतलेलं मला नको. उडकीचं बी बघते म्हणावं. अण्णाचं हसू गेलं.

शनिवार, ३ मे

मागचं पान काढून बघितलं. मी टिंब दिलंय. त्यानं दिलं न्हाई, ते माझंच हाय. तिसरीपातुर शाळा शिकले उदगीरला, मास्तर म्हणायचे, ईरम्मा टिंबं विसरते. हेच एक न्हाई विसरले.

सारा चैत्र मी त्या टिंबात बसून फिरून आले.

अण्णा म्हणतो, गाडीपायी कुणी घर मोडतं का. वहिनी म्हणते, ह्या वयात हे मिळालं हेच लई. खरं हाय. खोप काय वाईट हाय? सावली असती. पण तोंड लपवून बसायचं ना तिथं. गाडीत बी लपवायचंच होतं, पण तिथं ते लपवल्यावानी वाटलं नसतं. हे मला नीट लिहिता येईना.

सोमवार, ५ मे

गेले. एकटी.

अण्णाला सांगितलं, विकाराबादला जायलेय, येते सांजच्याला. तो काही म्हणायच्या आत चप्पल घातली. हिरवं इरकल नेसले. भाकरी केली होती, एकटीपुरती. म्हातारी पाणीवाली म्हणली, "माणूस कुठंय?" मी म्हणलं, मागच्या डब्यात.

बायकांचा डबा. खिडकी मिळाली. झहीराबादच्या पुढंपातुर नुसती काळी-तांबडी माती, कुसळं, शेळ्या. मला वाटलं फसवलं ह्या माणसानं. मग एका लहान स्टेशनाजवळ एक झाड. पान न्हाई, नुसतं पिवळं, झुंबरं लोंबल्यावानी. मग आणखी. मग जंगल आलं आन ते पिवळं सरेचना. दोन्ही अंगाला. म्हातारी खरं बोलली. मी ह्या खिडकीतनं बघू का त्या, अशी दोनदा उठले. "अगं बाई" म्हणायला तोंड उघडलं, आन बाजूला वळले. बाजूला कोण होतं? एक तेलंगी बाई, मांडीवर मोगऱ्याची पाटी.

तिनं माझं कपाळ बघितलं. बघितलं, मी सांगते. तरी ओंजळभर मोगरा माझ्या हातात दिला. तोंड फिरवलं न्हाई. काहीतरी म्हणली, मला तेलगू कळत न्हाई.

माळला न्हाई. मुठीत धरून बसले. भाकरी डाव्या हातानं खाल्ली.

येताना बहावा उन्हात तसाच. बघितला, पण मगासारखं झालं न्हाई. कुणाला दाखवावं असं होत होतं सारखं. ते वाईट.

मंगळवार, ६ मे

वहिनी बोलत न्हाई. अण्णा म्हणतो हुलसूरला कळलं तर मोडलंच समज. सिद्धप्पाला कळलंय म्हंजे हुलसूरला कळलं.

हाताला अजून वास हाय. चुरमुरे भाजून बी गेला न्हाई.

शुक्रवार, ९ मे

बसलिंगप्पा स्वतः आला. संगं कोणी न्हाई. वसरीत बसला न्हाई, अंगणात भट्टीपाशीच येऊन उभा ऱ्हायला, धुरात. मी दाराआड गेले न्हाई. मला म्हणला, एका दमात, माझ्यावानीच, "काय दिसलं? आन माझ्यासंगं परत येता का त्या गाडीनं?"

मी म्हणलं, हूं.

अंगणात उभा हाय अजून. फूल का व्हय, इचार करायलाय. करू दे. इथं मी टिंब दिलंय.