ओनोदेराकाकांची गोल गादी

ती. ताझुकोताईस तोकुजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, वाकायला सध्या मनाई आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचा खोकला गेला का? हे पत्र मी उभ्याने, फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुला सांगायचं राहिलं, गेले दोन आठवडे मी तुझ्याकडे गरम झऱ्यावर आंघोळीला आलोय. निदान आमच्या टॅक्सी कंपनीत तसं समजतात. खरं म्हणजे मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतलं. सांगणार कुठल्या तोंडाने? आमचे ओनोदेरा म्हणून अडुसष्ट वर्षांचे ड्रायव्हर मधोमध भोक असलेल्या गोल गादीवर बसून गाडी चालवतात. त्यांना ‘टायरराव’ हे नाव मीच ठेवलं, आणि मॅनेजर म्हणून हजेरी घेताना सहा वर्षं रोज त्याच नावाने पुकारलं. आता माझंच कळलं तर सोळा ड्रायव्हर मला जन्मभर सोडणार नाहीत.

पण ताई, डॉक्टर नागासेबाई म्हणजे काय बाई आहे! उंची तुझ्या दुकानातल्या काउंटरएवढी, पण हात सोन्याने मढवावेत असे. मी चाचरत विचारलं, रबराचं कडं बांधून नाही का भागणार? इंजेक्शन? म्हणाल्या, ते लहान, आतल्या कोंबांना. तुमचे बाहेर आलेत ते परत जायचं नाव घेत नाहीत, कापायलाच हवेत. मग कापायच्या जागा दाखवायला कागदावर घड्याळ काढून तीन, सात आणि अकराच्या आकड्यावर फुल्या मारल्या. (तेव्हापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघवत नाही.) मधली कातडी राखायची, नाहीतर पुढे वाट अरुंद होते, हे इतक्या मायेने समजावलं की मी भीती विसरलो. ऑपरेशनच्या दिवशी लघवी अडली, तीही नळी घालून त्यांनीच सोडवली. कपाळावर आठी नाही! पाचव्या दिवशी घरी सोडताना बजावलं, दोन आठवडे जपा, खपली सुटताना भळाभळा रक्त जाऊ शकतं. कुंथायचं नाही, वजन उचलायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी बर्फ पडलं. मी पडदे ओढून लपलेला. फटीतून बघतो तर शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मुराओकाआजी माझ्या दारातलं बर्फ उपसतायत! हे बघत बसलो असतो तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली असती का? घेतलं फावडं. सातव्या फावड्याला पायजमा रक्ताने भिजला. अँब्युलन्स बोलवावी तर भोंगा ऐकून गल्ली गोळा होणार. दुसऱ्या कंपनीची टॅक्सी मागितली, तर तासाभराची रांग. शेवटी टॉवेल आवळून रस्त्यावर हात केला, आणि थांबली ती आमचीच गाडी. आत ओनोदेराकाका.

त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. स्वतःखालची गादी काढून मागच्या सीटवर ठेवली, आणि त्या बर्फातून अशी गाडी नेली की एक धक्का लागला नाही. मला रडूच आलं गं. नागासेबाईंनी लगेच टाका घालून रक्त थांबवलं. बाहेर येतो तर काका उभेच. मी माफी मागायला तोंड उघडलं, ते जमेना, म्हणून म्हटलं, गादी धुऊन आणून देतो. तर म्हणतात, “साहेब, सहा वर्षं मीच धुतोय. द्या इकडे, दुपारची पाळी आहे.”

मेहुण्यांना नमस्कार, तब्येतीला जप.

तुझा (अजून उभाच) भाऊ,
तोकुजी

ता. क. – सोमवारी कामावर जायचंय. झऱ्यावर गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर कोण विश्वास ठेवेल? तुझ्या दुकानातली वाफवलेली गोड बनं, सोळा जणांना पुरतील एवढी, गावाचं नाव ठळक दिसेल अशा कागदात शनिवारपर्यंत पाठव.

दुसरा ता. क. – ‘भोग आता आपल्या कर्माची फळं’ म्हणून तू पाठवणार नाहीस, ओळखतो मी तुला. पण पाकीट चिकटवणार एवढ्यात ऑफिसातून फोन आला. कोणीतरी मला दवाखान्याच्या दारात पाहिलं होतं म्हणे. तर ओनोदेराकाकांनी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं की शक्यच नाही, साहेबांना स्टेशनवर मी स्वतः सोडलं, आगगाडी सुटेपर्यंत हात हलवत उभा होतो. त्या माणसाला मी आजवर खोटं बोलताना ऐकलेलं नाही. माझं हसं झालं तर होऊ दे, ताई, पण त्यांचा शब्द खोटा पडायला नको. बनं त्यांच्यासाठी पाठव.