नाताळात काढलेलं लवूचं चित्र

चकाला, अंधेरी
९ फेब्रुवारी १९६९

लवूच्या बाबांना वनमालाचा नमस्कार.

बंदरातून टाकलेलं तुमचं पत्र पोचलं. मामंजींचा खोकला कमी आहे. नळाला पाणी एकच वेळ येतं. तिकडे बोटीवर थंडी फार असेल, स्वेटर घालत जा.

तुम्ही विचारलंत, लवू कोणावर गेलाय, फोटो का पाठवत नाहीस? फोटो राहूनच गेला. जरा बाळसं धरलं की स्टुडिओत नेऊ, म्हणत होते.

पण त्याचं चित्र आहे. शेजारच्या हिल्डा मिस शाळेत ड्रॉइंग शिकवतात ना, त्यांनी नाताळच्या दुपारी केक खायला बोलावलं. लवू त्यांच्या खिडकीपाशी झोपला. खिडकीत कागदाची चांदणी टांगलेली, तिच्यातून लाल-पिवळं ऊन दुपट्यावर पडलेलं. मिस म्हणाल्या, "उचलू नको गं त्याला," आणि रंग घेऊन बसल्या.

जवळून बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके. दारापर्यंत मागे गेले, तेव्हा लवू दिसला. नाक-डोळे मात्र नाहीत. मी हसून म्हटलं, "मिस, ओठ निळे का काढलेत?"

त्या हसल्या नाहीत. "मला तसेच दिसले गं. डॉक्टरला दाखव त्याला."

दुसऱ्याच दिवशी दाखवलं. जन्मापासून हृदयात भोक आहे, म्हणाले. एवढ्या लहान पोराचं ऑपरेशन इथे होत नाही, जरा वाढू द्या. मी वाढवतच होते हो. दोन घोट प्यायला की दमायचा, घामाने भिजायचा.

मामंजी म्हणाले, "बोटीवर तो काय करणार? घरी येईपर्यंत लिहू नको." म्हणून मागच्या पत्रात 'लवू मजेत' असं लिहिलं. तेव्हा तो गेलेला होता.

माझ्या मांडीवरच गेला. मला वाटलं, झोप लागली.

काल मिसना म्हटलं, "नाक-डोळे तेवढे काढून द्या. ह्यांनी त्याला पाहिलेलंच नाही." त्यांनी ब्रश हातात घेतला. "सांग, नाक कसं होतं?" मी सांगायला गेले आणि मला सांगताच येईना. मग ब्रश तसाच ठेवून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

चित्र तुम्हाला पाठवलं तर माझ्याकडे त्याचं काहीच उरत नाही. आणि वाटेत हरवलं तर? नाही पाठवलं तर तुमचा मुलगा तुम्ही बघणार कसा? मला काही सुचत नाही. काय करू ते तुम्हीच कळवा.

तुमची,
वनमाला