दोनशे चौदावी फ्रेम

३ मे, शुक्रवार. लातूर, खोलीवर.
पुन्हा २१४ ला अडकलं. सकाळपासून अकरा वेळा. घर उभं राहतं, भिंत थरथरते, पहिला दगड सुटतो आणि स्क्रीन गोठते. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला तीनशे दगड झेपत नाहीत. ग्राफिक्स कार्ड (इथून पुढे नुसतं कार्ड) घेतल्याशिवाय हे घर पडणार नाही.

दुपारी क्लासवाले कदम सर आले. ९ जूनला त्यांचं डेमो लेक्चर आहे, दहावी झालेल्या पोरांसाठी, पालकांसकट. विषय तरंग. त्यात भूकंपाचं तीन मिनिटांचं ॲनिमेशन माझं. जमलं तर क्लासच्या स्टुडिओत कायमची नोकरी.

"बालाजी, पुढच्या रांगेतल्या आया रडलेल्या दिसल्या पाहिजेत मला."
"सर, मशीन हँग होतंय."
"मग एक ठेवून दे त्याला."
आणि दिली. कॅबिनेटवर, उघड्या पंजानं. तो आवाज ओळखीचा. अकरावीत त्यांच्याच क्लासला होतो, व्हेक्टरचं चिन्ह चुकलं, तेव्हा हाच पंजा डाव्या कानावर. पडदा फाटला. त्या कानानं ऐकू येत नाही. बारावीला बसलोच नाही.

सरांना मी आठवत नाही. मीही आठवण करून दिलेली नाही. ते आले की उजव्या बाजूला खुर्ची देतो.

५ मे, रविवार.
बजेट सहा हजारांच्या आत. वर जाणं शक्यच नाही. माझा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लोकल, म्हणजे वेगळी वीजवायर लागणारं कार्ड बाद. उरली दोन. एक ४ जीबी मेमरीचं, प्रकार डीडीआर३. दुसरं १ जीबी, जीडीडीआर५ (सुरुवातीचा जी विसरू नये, दोन्ही वेगळे).
इथला दुकानदार: "चार जीबी हाय की हे. अन् ते एक. चार मोठं का एक मोठं? शाळेत गेल्तास ना?"
गेलो होतो. म्हणूनच विचारतोय.

७ मे, मंगळवार.
भिंतीखाली एक माणूस ठेवला. फक्त चाचणीसाठी. अंगात काहीतरी हवं म्हणून चौकडीचा शर्ट दिला. सर घालतात तसा झाला. मुद्दाम नाही.
मुद्दाम.
पन्नास दगडांत माणूस नुसता ढकलला जातो. सत्तरला गुडघे मोडतात. नव्वदला मशीन हँग. म्हणजे मरेपर्यंत मशीन पुरत नाही. दिवसभरात चौतीस वेळा पाडलं. जेवायचं राहून गेलं.

११ मे, शनिवार. नांदेड.
सकाळची एसटी. लोह्याला जागेवरून दोघं भिडले. एकानं दुसऱ्याचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटलं, नाक फुटलं. चार थेंब माझ्या पिशवीवर. पेन ड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात होता, सुरक्षित.

वाजिदभाईंचं दुकान. नवी-जुनी कार्डं, आणि उघड्या मशीनवर लावून दाखवतात. म्हणून तर एवढ्या लांब आलो. माझी फाइल सोबतच आणली होती. आधी ४ जीबीवालं लावलं. २१६ पर्यंत गेलं आणि मेलं. मला खरं वाटेना.
"मियाँ, आकडा मत देखो. गोदाम बडा है इसका, दरवाजा छोटा. माल बाहर कैसा निकलेगा?"
मग १ जीबीवालं. २१४, २१५, २१६... पूर्ण भिंत आली. तीनशेच्या तीनशे दगड. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खाली पडलेली बघितली. घाम फुटला.
"नीचे कौन है ये?"
"कोणी नाही. चाचणीचा माणूस."
"और घर किसका?"
"आमचं. त्र्याण्णवच्या भूकंपातलं."
वाजिदभाईंनी स्क्रीन बंद केली. चहा मागवला. "हमारे खालू, मौसा समझो, गए थे उधर, लोगां को निकालने. वापस आये तो महिनाभर अपने हात से खाना नै खाये. खाला भराती थी."
१ जीबीवालं घेतलं. नवं, पेटीबंद.

१२ मे, रविवार.
सगळं मोजलं, कॅबिनेट मोजलं नाही. कार्ड दोन बोटं जास्त लांब. हार्ड डिस्कचा कप्पा आडवा येतो. शेजारच्या वेल्डरकडून हॅक्सॉ आणला आणि कप्पा कापला. पत्रा निसटून तळव्यात घुसला. रक्त थांबेपर्यंत कार्डाला हात लावला नाही.
बसलं. पंखा फिरला. ३०० दगड, माणूस १, हँग नाही. पुन्हा. हँग नाही. पुन्हा.

१५ मे, बुधवार.
सरांना दाखवलं. खूष.
"पण हा चौकडीवाला बाप्या काढ. बाप्यासाठी कोण रडतंय? लहान पोरगी टाक. झोपलेली. फ्रॉकमध्ये. भिंत अंगावर. अन् शेवटी मोठ्या अक्षरांत, 'भूकंप आला की विचार न करता बाहेर पळा. विचार करायला आमचा क्लास आहे.'" स्वतःच हसले.
माझी बहीण रेखा भूकंपात गेली. ती सहा वर्षांची, मी दोन. झोपेतच गेली असं घरात सांगतात. हे सरांना बोललो नाही. मुलगी केली. फ्रॉक पिवळा दिला. कोणता घालायची माहीत नाही.

१९ मे, रविवार. गावी.
हे गाव म्हणजे पुनर्वसनाचं. जुनं गाव पलीकडे, नुसते ढीग. आई सिमेंटच्या घरात राहते, स्वयंपाक करते, पण झोपायला अंगणात पत्र्याखाली. तिच्या वयाचं कोणीच आत झोपत नाही.
मोबाइलवर दाखवलं. म्हटलं, तिला कळेल मी काय काम करतो ते.
"कुनाचं घर हे?"
"आपलं."
"आपलं असं नव्हतं." बोट स्क्रीनवर ठेवलं. "भिंत कसली रे ही, इतभर? दोन हात जाड होती. भिंतीत पोरगं झोपंल एवढा कोनाडा."
बरोबर. मी इथल्या सिमेंटच्या भिंतीवरूनच मोजलं होतं. दगडमातीचं घर मी कळत्या वयात आतून कधी पाहिलेलंच नाही. आमच्या वयाच्या कोणीच नाही.
"अन् माळवद का पाडलंस?"
"छत आधी पडतं ना?"
"पडलंच न्हाई ते. माळवद खांबावर होतं. भिंती गेल्या, खांब उभे. तुला घेऊन खांबाला कवळा घालून बसले म्हणून तू हायस."
"आणि रेखा? ती भिंतीकडे झोपली होती ना?"
आई उठली. शेण उचललं, टाकून आली, हात धुतले.
"झोपली नव्हती. जागी झाल्ती. खांबापशीच आल्ती माझ्या. मीच म्हनले, रेखे, बाहेर पळ. पळाली. गल्लीत समोरची भिंत आली अंगावर."
एवढी वर्षं सगळ्यांना झोपेत म्हणून सांगितलं.
मग तिनं मोबाइल पुन्हा घेतला. पिवळा फ्रॉक आता नीट दिसला बहुतेक. मोबाइल खाली ठेवला आणि माझ्या तोंडात मारली. मग दुसऱ्या हातानं. मी खाली बसलो तरी मारत होती, पाठीत, डोक्यात.
"किती येळा पाडायलास तिच्यावर? सांग की. किती येळा?"
माझ्याकडे नोंद होती. एकशे बारा. सांगितलं नाही.

२३ मे, गुरुवार.
घर नव्यानं बांधलं. भिंती दोन हात, कोनाडे, चार खांब, वर माळवद, बाहेर गल्ली. दगड झाले नऊशे. कार्डाची मेमरी भरते. लांबच्या भिंतीतले दगड पाच-पाच एकत्र चिकटवले, सातशेवर आणले. झेपलं. एका फ्रेमला वेळ लागतो, पण गोठत नाही. कार्ड योग्यच निवडलं, एवढं तरी लिहून ठेवतो.
मुलीवर चाचणी करणार नाही. चौकडीवाल्याला परत आणला. खांबाला धरून बसवला. सातशे दगड. वाचला. बारा वेळा पाडलं, बाराही वेळा वाचला. राग आला. गल्लीत पळवला. मेला. पुन्हा पळवला. मेला. संध्याकाळपर्यंत पळवत होतो.
आई खरं बोलली.

२८ मे, मंगळवार.
क्लासवर गेलो. सर, दोन मास्तर, पंचवीसेक पोरं फी भरायला उभी.
"सर, शेवटचं वाक्य बदलावं लागेल. आमच्या घरात पळालेलं माणूस गेलं. खांबापाशी बसलेली वाचली."
"आमच्या म्हणजे?"
सांगितलं. गाव, रेखा, सगळं.
सरांचे डोळे चमकले. "अरे, मग हे आधी नाही सांगायचं? आईला आण तुझ्या. पहिल्या रांगेत बसवू. पोरगी झोपेतच राहू दे, वाक्यही तेच."
"सर, वाक्य चूक आहे. कुणी खरंच पळेल."
"बारावी नापास, तू मला भूकंप शिकवतोस?"
"नापास नाही सर. बसलोच नव्हतो."
पंजा आला. या वेळी उजव्या कानावर. भिंतीवरच्या टॉपरांच्या फोटोंवर जाऊन आदळलो, एक काच फुटली. पोरं हसली. मग सर स्वतः उठवायला आले, ओठ हलत होते. कानातल्या शिट्टीच्या मागून थोडं ऐकू आलं. "...मनावर घेऊ नको. या हाताला यश आहे. याच हाताची पोरं आज डॉक्टर आहेत."

३० मे, गुरुवार.
कानाचे डॉक्टर. पडदा शाबूत, आत सूज. थेंब दिले, मोठ्या आवाजापासून लांब राहा म्हणाले. कार्डाचा पंखा ऐकू येत नाही, म्हणून फिरतोय का ते बोट लावून बघतो. भाजलं.

६ जून, गुरुवार.
दोन फाइली तयार.
तरंग_१: सरांनी सांगितलं तसं. पिवळा फ्रॉक, झोप, भिंत, वाक्य.
तरंग_२: आईनं सांगितलं तसं. भिंती जातात, खांब राहतात. खांबापाशी एक बाई, कडेवर बाळ. एकच माणूस दार उघडून गल्लीत पळतो. चौकडीचा शर्ट. चेहरा सरांचा, क्लासच्या बॅनरवरून घेतला. फार स्वच्छ बसला. ३८० व्या फ्रेमला तो कॅमेऱ्याकडे बघतो.
चेहरा काढायला पाहिजे. चेहरा काढला तर तरंग_२ हे फक्त खरं राहील आणि मला बोलता येईल त्याबद्दल. दोनदा काढला. दोनदा परत लावला.
आईला फोन केला, सरांनी बोलावलंय पण येऊ नकोस म्हणालो. तिचं उत्तर नीट ऐकू आलं नाही.

९ जून, रविवार. हॉल.
अजून दहा मिनिटं आहेत, म्हणून लिहितोय. मशीन खोलीवरून आणलं, कारण इथल्या कुठल्याच मशीनवर हे चालत नाही. कार्ड थंड. दोन्ही फाइली माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी.
आई आली. एकटी, एसटीनं, नवं लुगडं. सरांनी स्वतः हात धरून पहिल्या रांगेत बसवलं, फोटो काढून घेतला. सर वळले तशी ती उठली. हॉलच्या मधल्या खांबापाशी एक रिकामी खुर्ची होती. ती ओढली, खांबाला चिकटवली, तिथे बसली. एक हात खांबावर. माझ्याकडे बघते आहे.
हॉल भरला. पोरं जिन्यातसुद्धा.
सरांनी मघाशी माझ्या उजव्या कानात ओरडून सांगितलं, "तुला ऐकू यायचं नाही, म्हणून मी हात वर करीन. हात वर झाला की सोड."
सरांनी चौकडीचाच शर्ट घातलाय.
माइकवर आले. हसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. माझ्या डाव्या हाताचं बोट माउसवर आहे, बाण दोन्ही फाइलींच्या मधल्या रिकाम्या जागेत.
सरांचा उजवा हात अजून खिशात आहे.