आक्काचे मिटलेले डोळे

कार्तिक व. ३, शुक्रवार (सन १९४४)

जुम्म्याची सुट्टी. डोळ्यांची आगआग तशीच. तहसिलीत सहा दिवस उर्दू नकला उतरवायच्या आणि सातव्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून पडायचं. बढती कधी होणार ते हुजूरच जाणे.

शेजारची गंगूबाई आक्कानं ओवलेली कवड्यांची माळ परत घेऊन आली. देवळाच्या वाटेवर तिचं दुकान. आक्का माळा ओवते, ती यात्रेकरूंना विकते. कवड्या उलटसुलट. एक पोटावर, एक पाठीवर. आक्कानं दोऱ्याला शिव्या दिल्या. "दोराच खोटा हाय." दोरा नेहमीचाच होता. दाजी गेल्यापासून ती इथं माहेरीच आहे आणि तेव्हापासून ओवते आहे. असं आजवर झालं नव्हतं.

कार्तिक व. ७, मंगळवार

सायकलवर रेशमाचं गाठोडं घेऊन सोलापूरहून येणारा चिनी आज दारात. गिऱ्हाइकं त्याला चिनीबाबा म्हणतात, वय माझ्याएवढंच असेल. मला डोळे चोळताना पाहिलं आणि गाठोडं सोडायचं सोडून माझंच मनगट धरलं. त्याच्या आज्याचं तिकडं त्यांच्या मुलखात औषधाचं दुकान होतं म्हणे.

"आँख गरम, तो कलेजा गरम." त्यांच्याकडं डोळा आणि काळीज एकाच दोरीला बांधलेलं. काळीज म्हणजे इथं यकृत, पित्ताची जागा. राग धरला की डोळा बिघडतो. मग कचेरीत सदा तापलेल्या आमच्या नाझरसाहेबांचे डोळे शाबूत कसे, ते विचारायचं राहिलं.

उलट्या कवड्यांचं सांगितलं, तर आक्काला जीभ दाखवा म्हणाला. परक्या माणसाला जीभ दाखवायची! शेवटी पदर आडवा धरून एवढीशी दाखवली. हसू आवरेना.

उपाय असे. सुकवलेली पिवळी शेवंती गरम पाण्यात टाकून प्यायची, आधी तिची वाफ मिटल्या डोळ्यांवर घ्यायची. नाकाच्या मुळाशी, भुवईवर, कानशिलाला बोटानं दाबायचं. तळहात चोळून ऊन झाले की डोळ्यांवर झाकून दिवेलागणीला शांत बसायचं. अधूनमधून लांबच्या हिरव्या झाडाकडं बघायचं. हिरवं झाड तुळजापुरात कुठं, विचारलं तर डोंगरावर बघा म्हणाला. फुलांची पुडी देऊन गेला.

जाताना आक्काला विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? डोकं दुखून उलटी होते का?

"न्हाय," आक्का म्हणाली. फार पटकन म्हणाली.

कार्तिक व. १३, सोमवार

माझे डोळे खरंच हलके झाले. कचेरीत दुपारनंतर अक्षरं नाचत नाहीत. चिन्याचं कौतुक.

आक्काला गुण नाही. पण बसते नेमानं. ओसरीवर, हात डोळ्यांवर, किंचित डुलत. डुलायला चिन्यानं सांगितलेलं नाही. "डुललं की ठणका कमी वाटतो," म्हणाली. म्हणजे ठणका आहे.

मार्गशीर्ष शु. ६, मंगळवार

काय लिहू. कचेरीतून आलो तर गंगूबाई आक्काच्या पायावर डोकं ठेवून. मंगळवार, दिवेलागणीची वेळ, बाई डोळे झाकून डुलते आहे. या गावात दुसरा अर्थ कोण काढणार? तिनं विचारलं, लेक सासरी नांदंल का. आक्का डुलता डुलता म्हणाली, "नांदंल की." झालं. अंगात आलं.

मी ओरडलो, अहो चिन्यानं सांगितलेला डोळ्यांचा उपाय आहे हा! गंगूबाई म्हणाली, "मास्तर, तुमी आत जा. आईफुडं मोठ्यानं बोलू न्हाय." मी मास्तर नाही, नक्कलनवीस आहे. तेही ऐकून घेत नाहीत.

मार्गशीर्ष शु. ९, शुक्रवार

आक्काशी भांडलो. म्हटलं, सांगून टाक त्यांना. ती बराच वेळ कवड्या चाचपत बसली. आता बघून ओवत नाही, बोटानं ओवते.

"दाजी गेल्यापास्नं कुनी हळदीकुंकवाला बोलीवलं मला? वाटंत आडवी आले तर बाया मागं फिरायच्या. आता पाया पडत्यात. पडू दे की."

दोरा तिच्या हाताशी सरकवला. 

मार्गशीर्ष शु. १३, मंगळवार

ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. धूप इतका की माझेच डोळे पुन्हा लाल. ज्या डोळ्यांना विसावा म्हणून बसायचं, त्यांच्यासमोर ऊद आणि कापूर! चिन्याच्या शेवंतीची पुडी उघडून पाहिली तर रिकामी. आक्कानं प्रसाद म्हणून एकेक फूल वाटून टाकलं. गंगूबाईनं तिचं देव्हाऱ्यात ठेवलंय.

माणसं पांगल्यावर आक्का न्हाणीत ओकली. पाठीवरून हात फिरवला तेव्हा बोलली. कडी दिसतात. इंद्रधनुष्यासारखी, प्रत्येक दिव्याभोवती. दसऱ्याच्या आधीपासून.

"मग त्याला न्हाय का म्हणालीस?"

"भ्या वाटलं."

मला आता भीती वाटते.

मार्गशीर्ष व. २, शनिवार

चिनी आला. मीच निरोप धाडला होता. त्यानं मिटलेल्या पापणीवरून बोटानं हलकं चाचपलं. मग माझं बोट धरून आधी माझ्या डोळ्यावर ठेवलं, मग आक्काच्या. तिचा डोळा सुपारीसारखा कडक.

"तेरी आँख थकी थी. इनकी थकी नहीं. इसमें पानी अटक गया. मेरा फूल कुछ नहीं करेगा." सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या, उद्याच न्या, म्हणाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली कदाचित राहील. शेवंती मागितली तर दिली नाही. मान खाली घालून सायकल ढकलत गेला.

आक्का येत नाही म्हणते. "लोक काय म्हनतील? देवीला डाक्टर लागतो?"

मार्गशीर्ष व. ३, रविवार

समजावलं. रागावलो. रडलोसुद्धा. नाही म्हणजे नाही.

कचेरी. दोन नकला. एकीत नाव चुकलं.

मार्गशीर्ष व. ४, सोमवार

आक्काच्या डाव्या डोळ्यासमोर हात धरला. किती बोटं, विचारलं. "हात हाय का तिथं?" म्हणाली.

मार्गशीर्ष व. ५, मंगळवार

कचेरीतून लवकर निघालो. नारळ घेतला. माझ्याच ओसरीवर बायकांच्या मागं बसलो. गंगूबाई बघतच राहिली. पाळी आली तेव्हा नारळ पुढं धरला. शेवटी "आई" म्हणालो. हिनंच मला भरवलं, न्हाऊ घातलं, तरी आजवर आक्काच म्हणत आलो होतो. 

"आई, माझ्या बहिणीला दिसंना झालंय. सोलापूरला नेऊ का?"

डुलणं थांबलं. हात डोळ्यांवर तसेच.  मग म्हणाली, "तिलाच इचार."

नारळ ठेवून उठलो.

जेवायला बसलो. आक्कानं ताट चाचपून भाकरी मोडली. मीठ आमटीत पडायचं ते पाटावर पडलं. मी विचारणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, "तू बी बसलातास म्हनं आज. देवी काय म्हनली रं?"

चेष्टा करते का, तोंडाकडं नीट पाहिलं. चेष्टा दिसली नाही.

"ने म्हणाली."

देवीच्या नावानं खोटं बोललो, तेही तुळजापुरात बसून.

ती घास हातात धरून थांबली. "माज्याच तोंडानं म्हनली?"

"हो."

"मग मला कसं ठावं न्हाय?"

मी पाटावरचं मीठ पुसून काढलं. तिनं घास खाल्ला, पाणी प्याली. मग म्हणाली, "सकाळची पयली मोटार धर. बाया उठायच्या आत निगू."

लुगडं, तांब्या, दशम्या बांधून ठेवल्यात. सरहद्दीवर करोडगिरीच्या जकात नाक्यावर किती वेळ अडवतात कोण जाणे. डॉक्टर काय म्हणेल तेही माहीत नाही. ती माझ्यावर विसंबून निघाली की देवीवर, हे तिला विचारायचा धीर होत नाही. अंथरुणावर बसून ती तळहात चोळते आहे. मीही तिच्याशेजारी डोळे झाकून बसतो.