टाकलेलं परत येतं

२ मार्च
माळा रिकामा करायला घेतला. ही जाऊन वीस तारखेला वर्ष होईल. लेक म्हणते, बाबा, आता तरी आवरा. म्हटलं, आठ दिवसांचं काम. रोज पाच वस्तू जिन्याखाली, कचऱ्याच्या पिंपाशी. हळवेपणा बंद.

३ मार्च
कान तुटलेली कढई, मुका रेडिओ, थर्मास, दोन मोडक्या छत्र्या. गेल्या! फार हलकं वाटलं. कंबर तेवढी धरली.

४ मार्च, सकाळी ६
दार उघडलं. पाचही वस्तू उंबऱ्याशी. पुसून! हिला धूळ घेऊन काही घरात आलेलं चालायचं नाही. योगायोग असणार. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. सगळं आत घेतलं, उगाच कुणाच्या पायात नको.

९ मार्च
रोज तेच. आज पुन्हा टाकलेल्या छत्र्या आल्या, घट्ट गुंडाळून, बंद लावून. अंगावर काटा आला. मोकळ्या घरात मोठ्याने म्हणालो, पुरे कर आता. जिवंत असतानाही कधी ऐकलं नाही माझं.

१३ मार्च
केवळ शास्त्रीय प्रयोग म्हणून स्वतःचा चष्मा पिंपाशी ठेवला.

१४ मार्च, सकाळी ६
आला. काचा लख्ख. तो हातात धरून दारात बराच वेळ बसलो. रडलो वगैरे नाही, सर्दी आहे.

१७ मार्च
माळा संपला. आता कपाटातलं चांगलंचुंगलं टाकतोय. शिस्त म्हणजे शिस्त. शिवाय सकाळी दार उघडायला बरं वाटतं.

२० मार्च
वर्ष झालं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कुणासाठी नाही, सहज.

२१ मार्च, संध्याकाळी
आज तिचा हिरवा स्वेटर. याला वर्षभर हात लावला नव्हता. कॉलरला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास आहे. हा परत आणून द्यायला ती जातीने येईल. दाराजवळ खुर्ची टाकून ठेवली.

२२ मार्च, सकाळी ६
उंबरा रिकामा.

७ वाजता
रिकामाच. तिला उशीर करायची सवय होतीच.

साडेआठ
धावत खाली गेलो. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

दुपारी
समोरच्या वहिनींना विचारलं, माझ्या दाराशी कुणी दिसलं का. म्हणाल्या, भावजी, मीच ठेवत होते. जाण्याआधी तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाली, हे तिरीमिरीत काहीही टाकतील आणि मग शोधत बसतील. वर्षभर तेवढं परत आणून ठेव.

आणि स्वेटर? तो दिसला होता, म्हणाल्या. वर्ष तर परवाच झालं. तुम्ही तो टाकलात, तेव्हा वाटलं, आता सावरलात तुम्ही. चहा प्यायलो.

संध्याकाळी
लेकीचा फोन. आवरून झालं का, विचारत होती. झालं, म्हटलं. किती शाबासकी दिली पोरीने!